प्रकल्पात पॅकेज मॅनेजरची आवृत्ती नेमकी कुठे नोंदवावी?

प्रश्न

नमस्कार. आमच्या टीममध्ये आठ जण एकाच रेपोवर काम करतात. प्रकल्प पीएनपीएम या पॅकेज मॅनेजरवर (जावास्क्रिप्टची पॅकेजे बसवणाऱ्या साधनावर) चालतो, नोडची (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामची) आवृत्ती '.एनव्हीएमआरसी' फाइलमध्ये लिहिलेली आहे आणि लॉकफाइल (प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती नोंदवणारी फाइल) पहिल्या दिवसापासून कमिट केलेली आहे. त्यामुळे सगळ्यांच्या यंत्रांवर अगदी सारखीच पॅकेजे बसत असणार, असे आम्ही आजवर धरून चाललो होतो. गेल्या पंधरवड्यात दोन घटना घडल्या आणि हा समज चुकीचा ठरला.

पहिली घटना अशी. एका सहकाऱ्याने एक छोटेसे पॅकेज वाढवून पुल रिक्वेस्ट पाठवली, पण तिच्यात लॉकफाइलची जवळजवळ प्रत्येक ओळ बदललेली दिसत होती. तपासताना लक्षात आले की फाइलच्या सुरुवातीला लॉकफाइलची जी आवृत्ती लिहिलेली असते ती ९.० वरून ६.० झाली आहे, कारण माझ्याकडे पीएनपीएम ९ आहे आणि त्याच्याकडे पीएनपीएम ८. इन्स्टॉल करताना त्याला 'लॉकफाइल सुसंगत नाही, तिच्याकडे दुर्लक्ष करत आहे' अशा अर्थाचा इशारा आला होता, परंतु बाकीच्या ओळींच्या गर्दीत तो नजरेतून सुटला. बदल फक्त मांडणीचा असता तर मी इतका अस्वस्थ झालो नसतो. पण त्या ब्रँचवर आम्ही थेट न मागितलेल्या दोन डिपेंडन्सींच्या (ज्यांवर आपला कोड अवलंबून असतो त्या पॅकेजांच्या) आवृत्त्याही पुढे सरकल्या होत्या, आणि नेमके हेच टाळण्यासाठी आपण लॉकफाइल ठेवतो.

दुसरी घटना डॉकरची (प्रोग्राम त्याच्या सगळ्या गरजांसकट एका 'इमेज'मध्ये भरून 'कंटेनर' म्हणून चालवणाऱ्या साधनाची) आहे. आमच्या डॉकरफाइलमध्ये पीएनपीएम बसवण्याची ओळ आहे, पण तिच्यात आवृत्ती लिहिलेली नाही. मध्यंतरी इमेज नव्याने बांधली तेव्हा तिथे पीएनपीएम १० आला. इन्स्टॉल यशस्वी झाल्याचे दिसले, मात्र कंटेनर सुरू होताच एक नेटिव्ह मॉड्यूल (इन्स्टॉलच्या वेळी त्या यंत्रासाठी बांधावे लागणारे) सापडत नसल्याची त्रुटी आली. कोडमध्ये एका अक्षराचाही बदल झालेला नव्हता.

पॅकेज.जेसन या प्रकल्पाची माहिती ठेवणाऱ्या फाइलच्या 'इंजिन्स' भागात पीएनपीएमसाठी '८ किंवा त्यापुढील' असे लिहिलेले आहे. सीआयच्या (प्रत्येक बदलानंतर कोड आपोआप तपासणाऱ्या व्यवस्थेच्या) यामल फाइलमध्ये ९ लिहिलेले आहे. डॉकरफाइलमध्ये काहीच नाही. कोणी 'पॅकेजमॅनेजर' हे फील्ड वापरा म्हणतात, तर कोणी ते कोअरपॅकसाठी (ठरलेल्या आवृत्तीचा पॅकेज मॅनेजर आणून चालवणाऱ्या साधनासाठी) आहे आणि कोअरपॅक आता नोडमधून काढून टाकला आहे असे सांगतात. आवृत्ती एकाच ठिकाणी लिहावी आणि प्रत्येक यंत्राने ती पाळावी, एवढीच माझी अपेक्षा आहे. हे आज कसे साधावे, आणि दुसऱ्या घटनेत नेमके काय झाले असावे, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

उत्तर १

आधी दुसऱ्या घटनेविषयी, कारण तिचे कारण स्पष्ट आहे. पीएनपीएम १० जानेवारी २०२५ मध्ये आला आणि त्यात एक मूलभूत बदल झाला: डिपेंडन्सींच्या इन्स्टॉल-वेळच्या स्क्रिप्ट आता आपोआप चालत नाहीत. ज्या पॅकेजांना ती परवानगी हवी असेल त्यांची नावे 'ओन्लीबिल्टडिपेंडन्सीज' या यादीत स्वतः लिहावी लागतात. सुरक्षेच्या दृष्टीने हा निर्णय मला योग्य वाटतो, कारण पॅकेजमधून घुसवलेला घातक कोड बहुधा याच स्क्रिप्टच्या वाटेने येतो. पण ज्या इमेजमध्ये आवृत्ती न बांधता पीएनपीएम बसवला जातो, तिथे हा बदल कोणाच्याही संमतीशिवाय लागू होतो. तुमच्या नेटिव्ह मॉड्यूलची बिल्ड स्क्रिप्ट चाललीच नाही, आणि न चाललेल्या स्क्रिप्टची नोंद त्रुटी म्हणून न होता सूचना म्हणून झाली, म्हणून इन्स्टॉल यशस्वी दिसले.

आता मूळ प्रश्न. लॉकफाइल डिपेंडन्सी बांधून ठेवते, परंतु ती फाइल वाचणारा आणि लिहिणारा प्रोग्राम कोणता असावा, हे ती बांधून ठेवत नाही. पीएनपीएम ८ हा लॉकफाइल ६.० लिहितो आणि पीएनपीएम ९ हा ९.० लिहितो. जुन्याला नवे स्वरूप कळत नाही, म्हणून साध्या इन्स्टॉलच्या वेळी तो ती फाइल बाजूला ठेवून पॅकेज.जेसनमधील आवृत्तीच्या पट्ट्यांवरून ('८ किंवा त्यापुढील' अशा मर्यादांवरून) सगळे हिशेब नव्याने करतो. तुमच्या दोन डिपेंडन्सी पुढे सरकल्या त्या याच टप्प्यावर. तेव्हा ती लॉकफाइल हाताने जुळवण्याचा प्रयत्न करू नका. मुख्य ब्रँचवरची लॉकफाइल त्या ब्रँचवर परत आणा, योग्य आवृत्तीचा पीएनपीएम वापरून पुन्हा इन्स्टॉल चालवा आणि मग निघणारा फरक वाचा. तो दहा-वीस ओळींच्या आसपास असायला हवा.

'इंजिन्स' या फील्डकडून तुम्ही जे काम अपेक्षिले ते त्याचे नाही. हे पॅकेज कोणत्या परिस्थितीत चालू शकते, हे ते सांगते, आणि म्हणूनच तिथे पट्टा लिहिण्याची सोय आहे. 'प्रकल्पावर काम करताना अमुकच साधन वापरा' हा अर्थ त्यात येत नाही. '८ किंवा त्यापुढील' या अटीत तुमचा ९, सहकाऱ्याचा ८ आणि डॉकरमधला १० असे तिघेही बसतात, त्यामुळे तपासणी झाली तरी हाती काही लागले नसते. शिवाय ही तपासणी सगळीकडे सारखी नाही. पीएनपीएम स्वतःच्या प्रकल्पात अट मोडली तर थांबतो. नोडसोबत येणारा एनपीएम हा पॅकेज मॅनेजर केवळ इशारा देतो आणि 'इंजिन-स्ट्रिक्ट' चालू केले तरच थांबतो. यार्न या आणखी एका पॅकेज मॅनेजरच्या २ पासूनच्या आवृत्त्या या फील्डवरून अडवतच नाहीत.

'पॅकेजमॅनेजर' फील्डचा अर्थ वेगळा आहे. तिथे साधनाचे नाव आणि एकच, पूर्ण आवृत्ती लिहावी लागते, उदाहरणार्थ 'पीएनपीएम@९.१५.४'. पट्टा चालत नाही, नुसता '९' चालत नाही. त्यापुढे अधिक चिन्ह देऊन हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण) जोडता येतो, म्हणजे त्या क्रमांकाखाली उतरवलेली फाइल तीच आहे याचीही पडताळणी होते. हा हॅश हाताने शोधत बसू नये. कोअरपॅकच्या 'यूझ' या आज्ञेला आवृत्ती दिली की ती फील्ड हॅशसकट लिहून देते.

मात्र फील्ड लिहिणे आणि ते पाळले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीएनपीएमने ९.७ मध्ये हे फील्ड वाचून स्वतःच सांगितलेली आवृत्ती उतरवण्याची आणि तिच्याकडे काम सोपवण्याची सोय आणली, आणि पीएनपीएम १० पासून ती मुळातच चालू असते. म्हणजे एखाद्याच्या यंत्रावर पीएनपीएम १० असला आणि तुमच्या फील्डमध्ये ९.१५.४ असले, तर त्या फोल्डरमध्ये प्रत्यक्ष ९.१५.४ च चालेल. तुमच्या डॉकर इमेजलाही हे लागू पडले असते. परंतु ज्या सहकाऱ्याकडे पीएनपीएम ८ आहे, त्याच्या प्रोग्रामला ही युक्ती ठाऊकच नाही, त्यामुळे त्याच्यावर या फील्डचा काहीही परिणाम होणार नाही. त्याच्या यंत्रावरचा जागतिक (संपूर्ण यंत्रासाठी बसवलेला) पीएनपीएम एकदा तरी नवा करावाच लागेल. हे मी मुद्दाम ठळकपणे सांगत आहे, कारण फील्ड लिहून टीम निश्चिंत होते आणि जुने साधन असलेला एक जण तसाच मागे राहतो. यासोबत 'इंजिन्स' मधली पीएनपीएमची अट '९.७ किंवा त्यापुढील' अशी केली तर आठवर अडकलेल्याला इन्स्टॉलच होणार नाही, आणि या एका कामासाठी ते फील्ड खरोखर उपयोगी पडेल.

सीआयमध्ये पीएनपीएम बसवणारी जी अधिकृत गिटहब ॲक्शन आहे, तिला आवृत्ती दिली नाही तर ती 'पॅकेजमॅनेजर' फील्डच वाचते. दोन्हीकडे वेगवेगळे लिहिले तर ती त्रुटी देऊन थांबते. म्हणून यामलमधील ९ काढून टाका. दोन ठिकाणी लिहिलेली आवृत्ती आज जुळत असली तरी पुढच्या अपग्रेडला त्यातली एक हमखास राहून जाते.

उत्तर २

वरील विवेचन पीएनपीएमसाठी योग्य आहे. परंतु हा धागा एनपीएम वापरणारेही वाचतील, म्हणून वेगळी बाजू मांडतो. एनपीएम नोडसोबतच येतो. त्यामुळे नोडची आवृत्ती काटेकोरपणे बांधली की एनपीएमची आपोआप बांधली जाते, आणि मधे आणखी एक साधन आणण्याची गरज उरत नाही. मी अनेक प्रकल्प अशा रीतीने चालवले आहेत आणि शक्य असेल तिथे हाच मार्ग सुचवतो, कारण जितके स्तर कमी तितकी बिघडण्याची ठिकाणे कमी.

यात एक अट आहे आणि ती पाळली जात नाही असे मला वारंवार दिसते. '.एनव्हीएमआरसी' मध्ये नुसते '१८' किंवा '२०' लिहिणे म्हणजे आवृत्ती बांधणे नव्हे. नोड १८ हीच मालिका एनपीएम ८ घेऊन सुरू झाली आणि तिच्या अखेरच्या आवृत्त्यांत एनपीएम १० होता. नोड २० हा एनपीएम ९ सोबत आला आणि पुढे त्यातही १० आला. म्हणजे 'आम्ही सगळे नोड २० वर आहोत' असे म्हणणाऱ्या दोघांकडे एनपीएमच्या दोन वेगळ्या मुख्य आवृत्त्या असू शकतात. तीनही आकडे लिहा, आणि कोणी जागतिक एनपीएम वेगळा बसवला आहे का तेही विचारा, कारण तसे असेल तर सगळा हिशेब चुकतो.

एनपीएमच्या लॉकफाइलचा इतिहासही माहीत असलेला बरा. एनपीएम ५ आणि ६ हे स्वरूप १ लिहीत. २०२० मध्ये आलेल्या एनपीएम ७ ने स्वरूप २ आणले, ज्यात जुन्यांसाठीची माहितीही ठेवलेली असे. एनपीएम ९ पासून नवी फाइल स्वरूप ३ मध्ये तयार होते. आधीपासून २ असलेली फाइल मात्र एनपीएम तशीच ठेवतो, त्यामुळे पीएनपीएमसारखी संपूर्ण फाइल उलटीपालटी होण्याचा प्रसंग इथे कमी येतो. फरक दिसतात ते बारीक असतात: एखादी 'पीअर' खूण येते किंवा जाते, वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठीची ऐच्छिक पॅकेजे गळतात. आणि मग सीआयमधले 'एनपीएम सीआय' ही फाइल पॅकेज.जेसनशी जुळत नाही म्हणून नकार देते. तेव्हा बारीक फरक आहे म्हणून तो सोडून देऊ नये.

उत्तर ३

कोअरपॅकविषयी प्रश्नात जे ऐकीव स्वरूपात आले आहे, त्यातले खरे काय ते नीट सांगायला हवे, कारण अर्धवट माहितीवरून अनेक टीम ते फील्डच काढून टाकत आहेत.

कोअरपॅक नोड १६.९ आणि १४.१९ पासून नोडसोबत येऊ लागला. त्यावर 'प्रायोगिक' हा शिक्का कायम राहिला आणि तो स्वतःहून चालूही नसे. 'कोअरपॅक एनेबल' ही आज्ञा द्यावी लागे. ती दिली की यार्न आणि पीएनपीएम या नावांच्या जागी कोअरपॅकचे छोटे मध्यस्थ बसतात. तुम्ही पीएनपीएम अशी आज्ञा दिली की मध्यस्थ सर्वांत जवळचे पॅकेज.जेसन पाहतो, 'पॅकेजमॅनेजर' फील्ड वाचतो, ती आवृत्ती यंत्रावर नसेल तर उतरवतो आणि तिच्याकडे काम देतो. एनपीएमच्या नावाला तो सहसा हात लावत नाही. तसे हवे असेल तर एनेबल करताना एनपीएमचे नाव वेगळे द्यावे लागते.

२०२५ च्या मार्चमध्ये नोडच्या तांत्रिक समितीने कोअरपॅक नोडसोबत देणे थांबवण्याचा निर्णय घेतला आणि नोड २५ पासून तो सोबत येत नाही. याचा अर्थ प्रकल्प बंद झाला असा नाही. एनपीएमद्वारे जागतिक पॅकेज म्हणून तो आजही बसवता येतो, आणि नोड २२ व २४ मध्ये तो आहेच. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे 'पॅकेजमॅनेजर' हे फील्ड कोअरपॅकच्या नशिबाशी बांधलेले नाही. पीएनपीएम ते स्वतः वाचतो, सीआयच्या ॲक्शन वाचतात, टर्बोरेपो या बिल्डच्या साधनाने तर दुसऱ्या मुख्य आवृत्तीपासून ते आवश्यकच केले आहे, आणि यार्न १.२२ च्या शेवटच्या आवृत्त्या त्या फील्डमध्ये नवा यार्न लिहिलेला दिसला की काम न करता तसे स्पष्ट सांगून थांबतात. म्हणून फील्ड ठेवा. निर्णय घ्यायचा आहे तो फक्त ते पाळून घेणारे कोण, याचा.

माझे मत विचाराल तर, प्रकल्प केवळ पीएनपीएमवर असेल तर आता कोअरपॅक मध्ये घालू नये. पीएनपीएम १० स्वतः ते काम करतो, आणि कोअरपॅकमधून चालवल्यास तो स्वतःची आवृत्ती बदलण्याची सोय बंद ठेवतो, त्यामुळे दोन्ही एकत्र ठेवून काही लाभ होत नाही. यार्नच्या नव्या आवृत्त्यांचे तसे नाही. तिथे एक तर कोअरपॅक हवा, किंवा यार्नची एकच जावास्क्रिप्ट फाइल रेपोमध्ये ठेवून '.यार्नआरसी.वायएमएल' मधील 'यार्नपाथ' मध्ये तिचा पत्ता द्यायचा. ती फाइल दोन-तीन एमबीची असते आणि प्रत्येक अपग्रेडला गिटच्या इतिहासात भर घालते, म्हणून काहींना ती नकोशी वाटते. मला ती पद्धत आवडते. जे चालणार आहे ते रेपोतच आहे, त्यासाठी नेटवर्क लागत नाही आणि ते कोणी परस्पर बदलू शकत नाही.

कोअरपॅक वापरणाऱ्यांसाठी एक इशारा. तो उतरवलेल्या पॅकेजवरची सही तपासतो आणि त्यासाठीच्या चाव्या त्याच्या स्वतःच्या कोडमध्ये बसवलेल्या असतात. २०२५ च्या सुरुवातीला एनपीएम रजिस्ट्रीच्या सहीच्या चाव्या बदलल्या, तेव्हा जुन्या कोअरपॅकना नवी चावी ओळखता आली नाही आणि 'जुळणारी चावी सापडत नाही' अशा त्रुटीने असंख्य बिल्ड पडले. ०.३१ मध्ये हे दुरुस्त झाले. त्या काळात पर्यावरण चलातून सहीची तपासणीच बंद करण्याचा उपाय पुष्कळ ठिकाणी सुचवला गेला, आणि तो काही डॉकरफाइलींमध्ये आजही तसाच राहिला आहे. आपल्याकडे तो असेल तर कृपया काढून टाका आणि त्याऐवजी कोअरपॅक नवा करा. ज्या साधनाने आवृत्ती बांधायची, त्या साधनाचीही आवृत्ती बांधावी लागते, हे त्या वेळी फार महागात पडून कळले.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. सहकाऱ्याच्या ब्रँचवर मुख्य ब्रँचची लॉकफाइल आणून पीएनपीएम ९ ने पुन्हा इन्स्टॉल केले, तेव्हा फरक चौदा ओळींचा निघाला आणि त्या दोन डिपेंडन्सी जागच्या जागी राहिल्या. 'पॅकेजमॅनेजर' फील्ड हॅशसकट लिहिले आहे आणि सीआयमधील आकडा काढला आहे.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. टीममध्ये नव्याने आलेल्या एका मैत्रिणीने सवयीने 'एनपीएम इन्स्टॉल' चालवले. एनपीएमने काहीच आक्षेप घेतला नाही, नोड मॉड्यूल्सचे फोल्डर स्वतःच्या पद्धतीने भरले आणि स्वतःची लॉकफाइलही तयार केली. चूक तिची नाही. रेपोने तिला अडवायला हवे होते. एनपीएम हे फील्ड वाचतच नाही का? आणि आमचा एक जुना प्रकल्प एनपीएमवरच आहे, तिथे काय करावे?

उत्तर ४

एनपीएम 'पॅकेजमॅनेजर' फील्डवरून काहीही अडवत नाही, हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे. त्याच्यासाठी 'डेव्हइंजिन्स' हे फील्ड आहे आणि एनपीएम १०.९ पासून ते तपासले जाते. नावाप्रमाणे ते प्रकल्पावर काम करणाऱ्यांसाठीच आहे. तुमचे पॅकेज दुसऱ्या कोणी डिपेंडन्सी म्हणून बसवले तर ते पाहिले जात नाही. त्याच्या आत 'पॅकेजमॅनेजर' आणि 'रनटाइम' असे उपविभाग असतात आणि प्रत्येकात नाव, आवृत्ती व 'ऑनफेल' लिहिता येते. इथे आवृत्तीचा पट्टा चालतो. 'ऑनफेल' मध्ये 'एरर' लिहिले तर साधन थांबते, 'वॉर्न' लिहिले तर नुसता इशारा मिळतो आणि 'इग्नोअर' लिहिले तर काहीच होत नाही.

तुमच्या पीएनपीएमच्या प्रकल्पात 'डेव्हइंजिन्स' मध्ये पॅकेज मॅनेजरचे नाव पीएनपीएम आणि 'ऑनफेल' मध्ये 'एरर' लिहा. त्यानंतर तिथे कोणी 'एनपीएम इन्स्टॉल' चालवले तर एनपीएम एकही पॅकेज न बसवता थांबेल आणि कोणते साधन अपेक्षित आहे ते सांगेल. जुन्या प्रकल्पात तेच फील्ड वापरून नाव एनपीएम आणि हवा तो पट्टा लिहा. नव्या कोअरपॅकलाही हे फील्ड कळते आणि वरच्या पातळीवरच्या 'पॅकेजमॅनेजर' फील्डमधील आवृत्ती या पट्ट्यात बसते का, हे तो ताडून पाहतो. त्यामुळे दोन्ही फील्ड एकत्र ठेवताना त्यांच्यात विसंगती येऊ देऊ नका.

याची मर्यादाही लक्षात घ्यावी. तपासणी १०.९ पासूनची आहे, आणि नोड २० सोबत येणारा एनपीएम १०.८ वर थांबला. म्हणजे तुमची मैत्रीण नोड २० वर असेल तर तिला हे फील्ड अडवणार नाही. नोड २२ च्या एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या) आवृत्त्यांपासून अडवेल. तोपर्यंत एनपीएमची लॉकफाइल '.गिटइग्नोअर' मध्ये टाका, म्हणजे निदान ती कमिट होणार नाही, आणि सीआयमध्ये ती फाइल आढळल्यास बिल्ड पाडणारी एक साधी ओळ लिहा. मी स्वतः या दोन्ही गोष्टी ठेवतो. रेपोत दोन साधनांच्या लॉकफाइली असल्या की होस्टिंग सेवा आणि सीआय त्यांतली एक आपल्या अंदाजाने निवडतात, आणि तो अंदाज चुकला तर चूक शोधायला फार वेळ जातो.

'ओन्ली-अलाऊ' हे छोटे पॅकेज 'प्रीइन्स्टॉल' स्क्रिप्टमधून चालवण्याची जुनी पद्धतही तुम्हाला कोणीतरी सुचवेल. ज्यांच्याकडे स्क्रिप्ट बंद ठेवण्याची सेटिंग आहे त्यांच्यावर तिचा परिणाम होत नाही, आणि केवळ अडवण्यासाठी प्रत्येक इन्स्टॉलला बाहेरचे एक पॅकेज चालवणे मला पटत नाही. 'डेव्हइंजिन्स' उपलब्ध असताना तिची गरज उरलेली नाही.

उत्तर ५

डॉकरविषयी थोडे राहिले आहे, आणि ज्यांच्या बिल्ड सर्व्हरला बाहेरचे नेटवर्क मिळत नाही त्यांच्यासाठी ते सर्वांत महत्त्वाचे आहे. फील्ड पाळणारे साधन कोणतेही असो, सांगितलेली आवृत्ती यंत्रावर नसेल तर ते ती उतरवायला जाते. तुमच्या कंटेनरमध्ये हे नेमके कोणत्या क्षणी घडते, याचा विचार केला नाही तर इमेज बांधताना सगळे सुरळीत दिसते आणि कंटेनर चालू होताना, विशेषतः प्रोग्राम 'पीएनपीएम स्टार्ट' अशा आज्ञेने सुरू होत असेल तर, तो नेटवर्क शोधू लागतो. वेगळ्या युझरखाली चालणाऱ्या कंटेनरमध्ये हे हमखास घडते, कारण बांधताना रूट युझरच्या फोल्डरमध्ये उतरलेली आवृत्ती चालवताना दुसऱ्या युझरला दिसत नाही. कोअरपॅक असेल तर 'कोअरपॅक होम' या चलात दोघांनाही वाचता येईल असे फोल्डर द्यावे.

मी करतो ते असे. डॉकरफाइलमध्ये आधी फक्त पॅकेज.जेसन आणि लॉकफाइल कॉपी करतो, मग फील्डमध्ये जी आवृत्ती आहे तीच त्याच टप्प्यावर बसवून घेतो, त्यानंतर गोठवलेल्या (बदलू न दिलेल्या) लॉकफाइलने इन्स्टॉल करतो आणि उरलेला कोड शेवटी आणतो. फील्ड बदलले की पॅकेज.जेसनही बदलते, म्हणून कॅशमधला तो स्तर आपोआप नव्याने बांधला जातो, आणि आवृत्ती दुसऱ्यांदा लिहिण्याची वेळ येत नाही. कंटेनर सुरू करण्याची आज्ञा थेट नोडची ठेवतो. चालू सर्व्हरला पॅकेज मॅनेजरचे काही काम नसते, आणि मधला प्रोग्राम गेल्यामुळे थांबण्याचे संकेतही थेट नोडपर्यंत पोहोचतात.

नेटवर्क मुळीच नसेल तर कोअरपॅकची 'पॅक' ही आज्ञा सांगितलेली आवृत्ती एका संकुचित फाइलमध्ये बांधून देते. ती फाइल आत नेऊन तिथून बसवता येते. अंतर्गत रजिस्ट्री असेल तर कोअरपॅकला तिचा पत्ता वेगळ्या चलातून द्यावा लागतो. आणि सीआयमध्ये कोअरपॅक डाउनलोड करण्यापूर्वी परवानगी विचारत थांबला आहे असे दिसले, तर तो प्रश्न बंद करण्याचेही एक चल आहे. त्यात शून्य लिहावे.

अपग्रेडविषयी एकच वाक्य: आवृत्ती एकदा बांधली की ती कोणीतरी वाढवायलाही हवी, आणि रेनोव्हेट हे साधन 'पॅकेजमॅनेजर' फील्ड हॅशसकट अद्ययावत करणारी पुल रिक्वेस्ट स्वतः पाठवते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आज केलेले बदल नोंदवून ठेवतो, म्हणजे अशाच अडचणीत सापडलेल्यांना उपयोग होईल. 'पॅकेजमॅनेजर' मध्ये पीएनपीएम ९.१५.४ आहे. 'इंजिन्स' मधली अट ९.७ पासून पुढे अशी केली, आणि पीएनपीएम ८ असलेल्या सहकाऱ्याचे इन्स्टॉल लगेच थांबले. त्याने जागतिक पीएनपीएम १० केला आणि आमच्या फोल्डरमध्ये आवृत्ती विचारली तर उत्तर ९.१५.४ असेच आले. 'डेव्हइंजिन्स' जोडल्यानंतर नोड २२ वर 'एनपीएम इन्स्टॉल' पहिल्याच पायरीवर थांबते, हे माझ्या यंत्रावर तपासले. नव्या मैत्रिणीकडे खरोखरच नोड २० होता, त्यामुळे तिथे काही झाले नाही, तिच्यासाठी '.गिटइग्नोअर' आणि सीआयची ओळ ठेवली आहे आणि नोड २२ वर जाण्याचे काम याच आठवड्यात घेतले आहे. '.एनव्हीएमआरसी' मध्येही आता तीनही आकडे आहेत.

डॉकरफाइल उत्तर ५ प्रमाणे लिहिली. नेटिव्ह मॉड्यूल बांधले गेले, कंटेनर सुरू झाला. पीएनपीएम १० वर जाण्याआधी कोणत्या पॅकेजांना स्क्रिप्ट चालवण्याची खरी गरज आहे, ती यादी आम्ही एकेक पॅकेज वाचून तयार करणार आहोत. सध्या तिच्यात तीन नावे आहेत आणि त्यांतल्या एकाविषयी मला शंका आहे, म्हणून त्यासाठी वेगळा प्रश्न विचारेन.